कानाचं मऊ हाड

माझ्या लेकीचा डावा कान तालमीत फुटला, तेव्हा तिनं तो दोन दिवस माझ्यापासून लपवला. आमच्या कळंबात उन्हाळ्यात पोरी तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटीवर फिरतात, पण ही घरात जेवतानाही गुंडाळून बसली. मी म्हटलं, "काय गं, भाकरीचं ऊन लागायलंय का?" आणि ओढणी ओढली. कान तांबडालाल, वरच्या अंगानं पुरीसारखा टम्म फुगलेला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीचा ऊतींचा धडा मला झोपेतही म्हणता येतो. हाडात रक्त खेळतं, म्हणून मोडलेलं हाड सांधतं. स्नायूंची तर रक्ताच्या बाबतीत चैनच. पण कूर्चा, म्हणजे मटण खाताना दाताखाली कुरकुरतं ते मऊ हाड, तिच्यात रक्तवाहिनीच नसते. कानातली कूर्चा तर वरच्या पातळ आवरणातून झिरपेल तेवढ्यावर जगते. तरी कान दुमडला की सरळ करते, अन् तिच्याच जातीची नाकातली कूर्चा चेपलेलं नाक पुन्हा वर आणते. एवढंसं खाऊन इतकं राबणारं दुसरं कोण आहे अंगात? मला तिचं फार कौतुक. वर्गात मी तिच्यावर जरा जास्तच वेळ घालवते.

आता माझ्याच पोरीच्या कानात आवरण आणि कूर्चा यांच्या मधोमध रक्त साठलं होतं. म्हणजे कूर्चेचं दाणापाणी बंद. रक्त काढलं नाही तर कूर्चा मरणार, आणि तिच्या जागी कडक, वेडावाकडा गोळा राहणार, कायमचा.

"आई, तालमीत फुटक्या कानाला मान असतो," ती म्हणाली. "वस्तादांचे दोन्ही कान बघ की."

"वस्तादांच्या आईला कुणी विचारलंय का?" मी म्हटलं.

सासूबाईंनी तर कपाळावर हात मारला. त्यांच्या कानाच्या वरच्या कडेला बुगडीचं भोक आहे, आणि त्यांची मोत्यांची बुगडी नातीसाठी जपून ठेवलेली. "आगं बया! लेकीच्या जातीनं असा कान करून घ्यायचा व्हय? आता बुगडी काय मानंला टांगायची?" नवरा नेहमीसारखा दोन्ही बाजूंना मान डोलावत राहिला.

धाराशिवच्या डॉक्टरांनी रक्त काढलं, कानाला गादी शिवून दाबून धरली आणि बजावलं, "काही आठवडे मॅटवर जायचं नाही. पुन्हा दाब आला तर पुन्हा भरेल, आणि मग हा कान विसरा." कुस्तीची जिल्हा निवड चाचणी येत्या रविवारी होती.

घरात जे महाभारत झालं ते विचारू नका. "यंदा न्हाय खेळले तर पुढच्या वर्षी मी वरच्या वयोगटात जाते," ती म्हणाली. "तिथं घोड्यासारख्या पोरी असतेत. पहाटं उठून मातीत लोळले ते कशासाठी? कान माझा हाय ना?"

"कान तुझा असंल, पण घडवलाय मी!" मी ओरडले. ती रडली नाही. रडली असती तर मी जिंकले असते. शनिवारी संध्याकाळी ती गुपचूप बॅग भरायला लागली, आणि माझं बळच संपलं. मी म्हटलं, "जा. पण माझ्या गळ्याची शपथ घे. कानावर दाब आला की आधी हात कानावर. बाकीचं नंतर." तिनं माझ्या गळ्याला बोटं लावून शपथ घेतली.

खरं सांगते, तोवर मी तिची एकही कुस्ती पाहिली नव्हती. बघवणारच नाही असं वाटायचं. त्या रविवारी कानापायी गेले आणि बघतच राहिले. घरी कळशी उचल म्हटलं की जिची कंबर दुखते, ती हीच का? समोर बेंबळी गावची थोराड पोरगी. तिनं हिला उलथवलं, तर ही पाठ टेकायच्या आत डोकं आणि तळपाय रोवून कमानीसारखी उभी राहिली. सगळा भार मानेवर. मणक्यामणक्यांमधल्या कूर्चेच्या चकत्या तो भार पेलत होत्या, मानेचे स्नायू थरथरत होते, पण सुटत नव्हते. मी फळ्यावर हाड वेगळं काढते, स्नायू वेगळा, कूर्चा वेगळी. इथं तिन्ही एका दमात राबत होती, आणि ते सगळं माझ्या पोटचं होतं.

मग मात्र घात झाला. कानाला बांधलेला पट्टा झटापटीत मानेवर घसरला. बेंबळीच्या पोरीनं हिचं मुंडकं बगलेत आवळलं, आणि हिचा हात सरळ कानावर गेला. एक गुण गेला. पुन्हा तेच, पुन्हा हात कानावर, पुन्हा गुण गेला. वस्ताद बाहेरून घसा फोडत होते, "हात खाली घे! हात खाली!" पण ही ऐकेना. वस्तादांचं कधीच न टाळणारी पोरगी ऐकेना. मी वर्गात सांगते, हाताचे स्नायू ऐच्छिक असतात, आपल्या इच्छेनं हलतात. तो हात तिचा होता, पण इच्छा माझी होती.

थोडाच वेळ उरला होता. तिसऱ्यांदा मुंडकं आवळलं गेलं, हात पुन्हा वर निघाला, आणि मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी बोंबलले, "सुटली! शपथ सुटली! कान जाऊ दे खड्ड्यात, पाय धर तिचा!"

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वर निघालेला हात खाली गेला, पाय धरला, आणि बेंबळीची पोरगी धाडकन पाठीवर आली. ती सुटायला धडपडत होती, तिचा कोपर माझ्या लेकीच्या कानावर रुतलेला होता, आणि माझी लेक पकड सोडत नव्हती. तिचा कान तेवढ्यातच कायमचा गेला, आणि मी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होते.