एसटीतली चष्म्यांची अदलाबदल

स्वतःच्या वाढदिवसाला दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया गोळा करायच्या, त्यांच्या नाकावर चष्मे चढवायचे आणि फोटो काढायचे, ही हौस आमच्याकडच्या पुढाऱ्यांनाच असू शकते. सासूबाईंना घेऊन मी उंब्रजच्या त्या मंगल कार्यालयात गेले होते, म्हणून सांगते.

सगळ्या जणींचे डोळे आधीच पाटणला तपासले होते. जिच्या-तिच्या नंबरचे चष्मेही तयार होते. फक्त डब्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या कुणा शहाण्याने काढून टाकल्या होत्या, कारण फोटोत त्या बऱ्या दिसत नव्हत्या.

"मिळंल तो घ्या ओ ताई, सगळे सारखेच हायत," एक कार्यकर्ता मला म्हणाला. त्याच्या शर्टाची इस्त्री तेवढी कडक होती.

ज्यांचा वाढदिवस, ते साहेब दोन तास उशिरा आले. एकेक बाई स्टेजवर ओढायची, चष्मा लावायचा, कॅमेऱ्याकडे बघायला लावायचं, की पुढची. सासूबाई हात जोडायला गेल्या, तर फोटोवाल्याने त्यांची हनुवटी धरून तोंड कॅमेऱ्याकडे फिरवलं. मी खालून बघत राहिले. साहेबांइतकीच मला स्वतःचीही किळस आली.

आणायला जीप होती. फोटो झाल्यावर ती कुठे गेली कुणास ठाऊक. आम्ही दहा-बारा जणी पाटणच्या एसटीत चढलो.

"ह्यातनं तर तिकिटं दोन-दोन दिसाय लागल्यात," सासूबाई म्हणाल्या.

"मला एक बी दिसंना," पुढच्या सीटवरची आजी वळली. "आन की हिकडं तुझा."

तिने तो लावला आणि ओरडलीच, "आगं बया, दिसतंय की!"

मग सगळी गाडी चष्मे फिरवायला लागली. एकीच्या बटव्यात सुई-दोरा होता. ज्या चष्म्यातून दोरा ओवला जाईल तो आपला, असं ठरलं. दोरा गेला की बाकीच्या "व्हय, व्हय!" करून टाळ्या वाजवायच्या. एका आजीला कुठलाच लागेना, तर तिला सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावून बघायला दिले, आणि शेवटून दुसरा लागला.

सासूबाईंचा दोरा चौथ्या चष्म्यात गेला. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुज्या भुवईत ही खूण कवाची गं?"

"लग्नाआधीची, आई. लहानपणी पडले होते."

"यवडी वरसं झाली, मला दिसली न्हाई बग." त्यांनी खुणेवरून अंगठा फिरवला. मला हसूही आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फोटो आला. साहेब, सासूबाई, आणि खाली 'मातांच्या जीवनात प्रकाश'. मी त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा सारखा करून नीट पाहिलं.

"ह्यो बाप्या कोण?"

"साहेब. तुमच्या शेजारीच होते की."

"आसंल. तवा मला कुटं दिसत हुतं," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.