बॉयलरवाल्याचे कपडे

जहाजावर त्याला सगळे 'वाफ्या' म्हणत. एकवीस वर्षं तो युद्धनौकेच्या पोटात, बॉयलरच्या खोलीत राबला. वाफेचा पाइप गळला की त्यावरचं अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण हातानंच ओरबाडायचं, गळती बुजवायची आणि नवं गुंडाळायचं. पांढरी धूळ एवढी उडायची की शेजारचा माणूस दिसत नसे. "घ्या, फुकटात पावडर!" म्हणून सगळे खिदळत. तोंडाला फडकं बांधा, एवढंही कुणी कधी सांगितलं नाही.

निवृत्तीला तीस वर्षं झाल्यावर त्याला जिना चढताना धाप लागू लागली. "वय झालं," म्हणून तो वेळ मारून नेई. पण बरोबरीच्या एका खलाशाला छातीच्या कॅन्सरनं बघता बघता नेलं, तेव्हा मुलीनं त्याचं काही ऐकून घेतलं नाही. ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. बायकोही सोबत होती.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरली. "फुप्फुसांवर वण आहेत, त्या धुळीचेच. ते जायचे नाहीत. पण कॅन्सर दिसत नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "कामाचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच की! दुसरं कोण?" बायको म्हणाली. "आधी चांगले झटकायचे, मग भिजवायचे." बोलता बोलता तिला खोकला आला. दोन महिने ती अशीच खोकत होती. पण घरात सगळ्यांचं लक्ष त्याच्या छातीकडे.

बाईंनी तिचीही फिल्म काढायला लावली. फुप्फुसाभोवती पाणी होतं. सुई घालून तुकडा तपासायला पाठवला. अहवालाला आठ दिवस होते.

त्या आठ दिवसांत त्याला घास गिळवेना.

"अहो, असं काय बघताय टकामका?"

"मीच आणली गं ती धूळ घरात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग झालं तर! मुकाट्यानं जेवा."

अहवाल वाईट आला. कॅन्सरच होता.

तो दुसऱ्याच दिवशी जुन्या सोबत्यांना सावध करायला त्यांच्या घरी निघाला, तशी तीही चपला घालून उभी राहिली. "तुम्ही पुरुषांशी बोलाल. बायकांना कोण सांगणार?" घरोघरी ती स्वयंपाकघरात जाऊन बसे आणि आडपडदा न ठेवता सांगे, "कपडे तुम्ही झटकत होतात ना? मग तुम्हीही तपासून घ्या."

एका घरी ती जिन्यातच मटकन बसली.

"परत फिरू," तो कळवळून म्हणाला.

"थांबा हो. दम घेते आणि येते."

आणखी चौदा महिने ती होती. तिच्या सांगण्यावरून सात जणी तपासून आल्या. एकीच्या फिल्मवर डाग सापडला, अगदी वेळेवर.