जाईबाईच्या दोरीवरच्या दोन खुणा

जत्रेत फुगे फोडण्याची दुकानं चार-पाच तरी असायची, पण जाईबाईचं दुकान लांबून ओळखू यायचं. बाकीच्यांकडं छऱ्याच्या बंदुका. हिच्याकडं बाणाची. लाकडी दस्ता, त्याच्या टोकाला आडवं बसवलेलं पोलादी धनुष्य, मधोमध बाण ठेवायला पन्हळ आणि खाली बोटानं दाबायचा खटका. तिचे वडील हौसराव दौंडला रेल्वेत फिटर होते. जुन्या जीपच्या स्प्रिंगचा पाटा महिनाभर घासून पातळ करत त्यांनी ते धनुष्य बनवलं होतं. निवृत्तीनंतर ते जत्रा करू लागले आणि त्यांच्यामागं ती.

लग्नात माणसं मुलीला भांडी देतात, हौसरावांनी तिला या बंदुकीची निगा शिकवली. नवरा लवकर वारल्यावर तेच कामाला आलं. दोरीला मेण, पन्हळीला तेल; उलटं कधी करायचं नाही. दोरी तेल प्यायली की तिचे पदर एकमेकांना धरून राहत नाहीत. मेण चोळताना बोटं पोळेपर्यंत चोळायचं, म्हणजे ते पदरांच्या आत उतरतं. पन्हळीला मात्र शिलाई यंत्राच्या तेलाचा एकच थेंब, तोही बोटानं पुसत नेलेला, कारण जास्त झालं की धूळ धरते. आणि बाण लावल्याशिवाय दोरी कधी सोडायची नाही. रिकामी सुटली की सगळा जोर पाट्यावरच येतो आणि एखाद्या दिवशी तो मोडतो.

दोरीच्या मधल्या भागावर, जिथं ती पन्हळीला घासते, बारीक दोऱ्याचं वेटोळं असायचं. त्या वेटोळ्यावर पन्हळीच्या दोन्ही अंगांना एकेक लाल खूण. दोरी ताणताना दोन्ही खुणा पन्हळीच्या कडांपासून सारख्या अंतरावर याव्या लागत. ज्वारीच्या दाण्याएवढा फरक पडला, तरी पंधरा पावलांवर बाण वीतभर बाजूला जायचा.

म्हणून दोरी ताणायचं काम ती गिऱ्हाइकाला देत नसे. पुढच्या लोखंडी कडीत पाय रोवून, दोन्ही हातांनी, खुणांवर नजर ठेवून ती स्वतः ताणायची. मग बंदूक पुढं करून म्हणायची, "बाण सरळ, डोळा तुमचा."

वरवंडच्या जत्रेत हे खोटं पाडायला कुणी धजत नसे, कारण तिथं मारुतराव यायचे. सत्तरी ओलांडलेले, ऊसवाले, बुलेटवरून फिरणारे. तीन बाण, तीन फुगे आणि भिंतीवरचं घड्याळ बक्षीस. दरवर्षी.

"आप्पा, वहिनी काय म्हणत्यात?" जाईबाई घड्याळ पुसून देत विचारायची.

"म्हणती, आता न्हाणीघर तेवढं राहिलंय. नऊ घड्याळं हायेत आन् नऊ येळा दाखवत्यात."

सत्त्याण्णवच्या चैत्रात तिचा धाकटा भाऊ नवनाथ दुकानात तिच्या बरोबरीनं उभा राहायला लागून तीन वर्षं झाली होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. शिक्रापूरच्या कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा ती म्हणाली होती, "अर्धं दुकान तुझं." मेण, तेल, वेटोळं, सगळं त्याला शिकवलं. त्या वर्षी तो म्हणाला, "आक्का, सकाळचं मेण-तेल मी करीन, पहिला बाणबी मीच मारून बघीन. तू दमतीस." रोज सकाळी तो पहिला बाण मारायचा आणि तो लागायचा. आपलं म्हणणारं कुणी आपली चिंता करतं, याचं तिला फार बरं वाटायचं.

त्याच चैत्रात वरवंडच्या जत्रेत मारुतरावांचे तिन्ही बाण चुकले. तिन्ही डावीकडं. त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि चष्मा काढून धोतराला पुसला.

"आणखी तीन मारा, आप्पा. ऊन हाय म्हणून झालं आसल."

"ऊन दरसाल आसतंय, जाई. डोळं गेलं."

तिनं त्यांना न जिंकताच एक घड्याळ देऊ केलं. त्यांनी घेतलं नाही.

दिवाळीच्या आधी ती काही कामानं वरवंडला उतरली, तर हायवेच्या कडेला मारुतराव उभे. त्यांच्या बायकोनं, पुतळाबाईंनी, त्यांचा दंड धरला होता. ट्रक जाईपर्यंत थांबून दोघं रस्ता ओलांडणार होते.

"बुलेट कुठं हाय?"

"इकली," पुतळाबाई म्हणाल्या. "डाक्टर म्हणला, वयाच्या मानानं नजर चांगली हाय. पर हे ऐकत्यात व्हय? म्हणत्यात, डाक्टर चुकंल, जाईची बंदूक न्हाई चुकायची."

मारुतराव हसले. तिला मात्र हसता आलं नाही.

दौंडला घरी आल्यावर तिनं बंदूक काढली. जत्रेचा हंगाम संपल्यापासून ती फडक्यात होती. चुलीवरच्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून तिनं पन्हळ पुसायला घेतली. मेणाचा काळा थर निघाला, पण एकाच कडेला. दुसरी कड जवळजवळ स्वच्छ होती. सरळ चालणारी दोरी दोन्ही कडांना सारखी घासते. तिनं दोरी उतरवली, उजेडात धरली आणि दोन्ही टोकांपासून खुणांचं अंतर मोजलं. खुणा ज्वारीच्या दाण्याएवढ्या एका बाजूला होत्या. रंग ताजा होता. वेटोळंही नवं होतं.

आणि ते डावीकडून गुंडाळलं होतं. तिचा पीळ उजवीकडून जायचा, वडिलांचाही. घरात डावखुरा एकच.

नवनाथ जेवत होता. तिनं दोरी त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे कुणी गुंडाळलं?"

"तूच की."

"माझा पीळ असा जातो व्हय?"

तो आपल्या डाव्या हातातल्या भाकरीकडं बघत राहिला. मग हसला. "आक्का, समद्यांच्याच बंदुका वाकड्या आसत्यात. आपलीच तेवढी सोवळी. लोकं काय जिकायला येत्यात व्हय? घटकाभर मजा करायला येत्यात."

"रोज सकाळी तुझा बाण लागायचा."

"किती उजवीकडं धरायचं ते मला ठावं हुतं."

"आप्पांनी गाडी इकली, नवनाथ."

"बरंच झालं. त्या वयात बुलेट कशाला?" त्यानं ताट सरकवलं आणि आवाज खाली आणला. "आन् दोरी ताणत कोण हुतं? गिऱ्हाइकापुढं मी एकदा तरी ताणली का? तूच ताणलीस."

ते खरं होतं. त्यानं काढलेल्या खुणांवर विश्वास ठेवून, आख्खा हंगाम, पाय रोवून, दोन्ही हातांनी तिनंच दोरी वाकडी ताणली होती. ज्या माणसांकडं बघून ती "बाण सरळ" म्हणाली होती, ती सगळी तिला एकेक करून आठवू लागली.

तिनं वेटोळं उकललं. नवं गुंडाळलं, खुणा काढल्या, मेण चोळलं. पन्हळीला एक थेंब तेल. दुसऱ्या दिवशी ती एकटीच वरवंडला गेली.

मारुतरावांच्या अंगणात गोठ्याच्या कुडाला तिनं तीन फुगे बांधले आणि पंधरा पावलं मोजली.

"कशाला थट्टा करतीस, जाई?"

"मारा, आप्पा. एवढं ऐका."

पहिला फुगा फुटला. बैलानं मान वर केली. दुसरा फुटला. तिनं तिसऱ्यांदा दोरी ताणली, बाण लावला, बंदूक त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खांद्याला लावली, आणि मग खाली घेतली.

"दोरी बदलली?"

"खुणा सरकल्या हुत्या."

"सरकल्या, का सरकवल्या?"

"सरकवल्या."

"कुणी?"

नाव सांगायचं असं ठरवूनच ती आली होती. सगळ्या एसटीत ते तिच्या तोंडात होतं.

"दुकान माझं हाय, आप्पा," ती म्हणाली.

मारुतरावांनी त्या दोन लाल खुणांकडं बघितलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"डाक्टर म्हणला, डोळं बरं हायेत. पोरगा म्हणला. हिनं तर देवाची शपथ घातली. मी कुणाचं ऐकलं न्हाई. तुझ्या बंदुकीचं ऐकलं."

त्यांनी बंदूक बाजेवर ठेवली. पुतळाबाई हात द्यायला पुढं आल्या, पण ते कुणालाही न धरता एकटेच तीन पायऱ्या चढून आत गेले. पुतळाबाईंनी एकदा जाईबाईकडं बघितलं आणि त्याही गेल्या.

बंदूक ताणलेली, बाण लावलेला. तशीच दौंडला न्यायची सोय नव्हती आणि बाण काढून दोरी रिकामी सोडायची नव्हती. जाईबाईनं ती उचलली, खांद्याला लावली आणि खटका दाबला. फुगा फुटला.

ती बाजेच्या कडेला टेकली. फडकं काढून तिनं पन्हळ पुसली, तेलाचा एक थेंब टाकला आणि बोटानं शेवटपर्यंत ओढत नेला.