गळ, गमबूट आणि ह्यांचा हरवलेला चष्मा

ह्यांनी ऑनलाइन गळ मागवला तेव्हाच मी ओळखलं, आता कुठंतरी जावं लागणार. हडपसरच्या आमच्या गच्चीवर आठवडाभर सराव चालला होता. एकदा शेजारच्या वहिनींची वाळत घातलेली साडीच गळाला लागली. वहिनी वर येऊन म्हणाल्या, "काका, पैठणी हवी असेल तर ती कपाटात आहे. इकडे नाही मिळायची."

मग श्रीवर्धन ठरलं. गाडी नात सायली चालवणार, आम्ही दोघं मागे. निघताना सूनबाई अनघानं माझ्या मांडीवर पिशवी ठेवली. ती दवाखान्यात नर्स आहे. पिशवीत गमबूट, भांडी घासायचे रबरी हातमोजे, साबण आणि चिकटपट्ट्या.

"आई, उन्हाळ्यात खाडीचं पाणी कोमट असतं, त्यात वाईट जंतू वाढतात. जखमेतून शिरले तर पाय कापायची वेळ येते, कधी जीवावर बेततं. बाबांना साखर आहे, म्हणून जास्त जपायचं. आणि कालवं कच्ची खायची नाहीत."

"मम्मी, फिशिंगला चाललोय, वॉरला नाही," सायली म्हणाली.

तुम्ही जाणार असाल तर पहाटेच निघा, चांदणी चौक मोकळा मिळतो. पेट्रोल आधीच भरा, ताम्हिणीत फक्त माकडं मिळतात. पौडला मिसळ खाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण ती मला घाटात दोनदा आठवली. माणगावला चहा घेतला आणि दुपारी जेवायला खाडीकाठच्या मुक्कामावर पोचलो. माडांच्या वाडीत साधी, स्वच्छ खोली. पापलेटचं ताट महाग, बांगड्याचं साडेतीनशेला. बांगडाच घ्या.

जेवताना माझं लक्ष ह्यांच्या पायांकडे गेलं. मोजे! पोराच्या लग्नात मोजे न घातलेला माणूस, मे महिन्यात कोकणात मोजे घालून बसलेला.

"काढा बघू."

"गार वाटतंय जरा." घाम हनुवटीवरून ताटात पडत होता.

काढायला लावले. सहलीसाठी घेतलेली नवी सँडल टाचेला चावली होती. फोड फुटून आतली लाल कातडी दिसत होती.

"एवढंसं तर आहे! खाऱ्या पाण्यानं उलट बरं होतं."

खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं. तरी अनघाला फोन लावला.

"आई, ते घरात मीठ घालून उकळलेलं पाणी नाही, खाडी आहे. अजिबात उतरू देऊ नका. गमबूट घालूनही नाही, वरून पाणी आत गेलं की संपलं. साबणानं धुवा, पट्टी लावा, कोरडं ठेवा. लाली पसरली, सूज आली किंवा ताप आला तर वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. "वर्षभर वाट बघितली. आता काय माड मोजत बसू?"

"मोजा."

पण मी ह्यांना ओळखते. दुपारी मी खोटं खोटं घोरत पडले. हे हळूच उठले, गळ घेतला. गळात दोरा ओवायला चष्मा लागतो, आणि चष्मा माझ्या गमबुटात होता. पलंगाखाली शोधला, माठामागे शोधला. बाहेर झोपाळ्यावर सायली ओढणी तोंडात कोंबून हसत होती.

"अगं, चष्मा पाहिलास का?"

"झोपा हो."

संध्याकाळी भरती आली. म्हटलं, चला, धक्क्यावर कोरडे बसून गळ टाका. "चष्म्याशिवाय?" म्हणाले. मी खुंटीवरच्या ह्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं; गमबुटातला चष्मा तोवर मी तिथं सरकवला होता. "हे काय, इथंच तर आहे!"

"दोनदा बघितला होता मी खिसा."

"वय झालं," मी म्हटलं.

माझ्या टाचांना भेगा, म्हणून मीही पाण्यात उतरले नाही. मासे सोडवायला धक्क्याच्या ओल्या पायरीवर तेवढी उभी राहिले. तिथं कालवांची धारदार शिंपली चिकटलेली होती. समुद्रापुढं चप्पल काढायची सवय, पण मी गमबुटातच हात जोडले. म्हटलं देवा, सुनेचा हुकूम आहे.

जाळं विणणारे एक काका म्हणाले, "आजी, भात लावायला चाललात काय?"

"हो, तुम्ही आवणाची रोपं घेऊन या!"

तेवढ्यात ह्यांच्या गळाची काठी वाकली. आला तो शिंगाळा मासा, काटे उभे करून. हे हात घालायला निघाले, मी ओरडले. हातमोजे घालून मीच सोडवला. पुढं दोन बोयी मासळ्या मिळाल्या. घरमालकिणीनं त्या चांगल्या खरपूस तळल्या. हे इतके खूश की पायाचं विसरून नाचायलाच उठले. बसवलं.

घरी आल्यावर अनघानं टाच तपासली. कोरडी आहे, नवी गुलाबी कातडी धरलीय. मजा खूप केली, पण तिथं होतो तेवढे दिवस रोज सकाळी हे उठायच्या आधी पांघरूण सारून मी तो पाय बघत होते, हे कुणाला बोलले नाही. सोसायटीत हे सांगत फिरतात, शिंगाळा हातभर होता. आणि आपण चष्मा विसरायला लागलो म्हणून रोज बदाम खातात.

इथपर्यंत मी लिहिलेलं सायलीनं टाइप केलं, आणि आगाऊ कार्टीनं मोबाइल आधी ह्यांच्याच हातात दिला. समोरच वाचत बसलेत. पौडच्या मिसळीपर्यंत आलेत, हसतायत. चष्मा नाकावर आहे. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत जाते.