जवसाच्या तेलाचा वास

“थ्या बाईले इचारू आपण. तिचा कान लय तयार हाय म्हंतात.”

तेल्हाऱ्याहून आलेले एक गृहस्थ आपल्या मुलीला हळूच सांगत होते. मला ऐकू गेलं. अमरावतीतल्या आमच्या सरांच्या क्लासमध्ये सतरंजीवर दोन व्हायोलिनं ठेवलेली होती. एक जुनं, जर्मन. दुसरं अकोल्याच्या सलीमभाईंनी स्वतः बनवलेलं. मुलीसाठी एक निवडायचं होतं. सर पडद्याची दोरी बांधत होते, सलीमभाई दाराशी बसले होते, आणि मी — तयार कानाची बाई — पाण्याचा ग्लास धरून उभी होते.

या कानाची खरी गोष्ट मी तोवर कोणालाच सांगितलेली नव्हती. आईलाही नाही. तुम्हालाही सांगते, पण तुमची दया नको आहे मला. समजूत तर मुळीच नको.

काही वर्षांपूर्वी, याच खोलीत, याच चादरीचा पडदा लावला होता. सलीमभाईंचं अकोल्यात हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान. त्यांनी हिमाचलातून लाकूड मागवून पहिलं व्हायोलिन बनवलं आणि सरांकडे घेऊन आले. सरांना पसंत पडलं असतं तर क्लासमधल्या सगळ्या मुलांसाठी तेच बनवणार होते. सलीमभाई बोलायला मोठे फटकळ. सरांनी व्हायोलिन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, आत बनवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी शोधली, तर सलीमभाई म्हणाले, “सर, डोयानं कावून पारखता? पडदा लावा अन् कानानं पाहा ना!”

सर हट्टाला पेटले. पडद्यामागे बसून त्यांनी एकच यमन या नव्या आणि एका जुन्या व्हायोलिनवर वाजवला. आम्ही विद्यार्थी समोर. मी पडद्याच्या अगदी जवळ, पंख्याखाली.

पहिलं वाजलं — आणि मला काय वाटलं, ते सांगायलाच तर हे लिहितेय. खालच्या तारेवरचा षड्ज पायाखालच्या फरशीतून वर आल्यासारखा आला. तारेवरून गज उचलल्यावरही तो खोलीत क्षणभर तसाच उभा राहिला. दुसऱ्याचा आवाज गोड होता, पण त्याच्याकडे कान घेऊन जावं लागत होतं. पहिलं आपणहून येत होतं.

पण पंख्याच्या वाऱ्यावर आणखी एक गोष्ट आली. वास. माझा भाऊ क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल चोळतो. आमची बाल्कनी सीझनभर त्याच वासानं भरलेली असते. सर पहिलं वाजवत होते तेव्हा तोच वास येत होता. ते खाली ठेवून दुसरं घेतलं, की विरत होता. सलीमभाई पॉलिशमध्ये जवसाचं तेल घालतात, हे त्यांनीच चहा पिताना अभिमानानं सांगितलं होतं. मग मला ऐकायची गरजच काय उरली?

सर नेहमी सांगत, नवं लाकूड लगेच बोलत नाही, आवाज उघडायला वर्षं जावी लागतात. मला उत्तर माहीत होतं. बरोबर उत्तर कोणतं मानलं जाईल, तेही माहीत होतं.

सरांनी पहिल्यांदा मलाच विचारलं.

“पहिलं नवीन आहे, सर,” मी म्हणाले. “साउंड क्लोज्ड आहे. बंद वाटतो.”

“बंद हाय?” सलीमभाई म्हणाले. “मंग आताच कोन वाजून राहिलं होतं बाई?”

सगळे हसले. त्यांच्या विनोदाला नाही — त्यांना. कारण सरांनी पडदा बाजूला केला, आणि पहिलं खरोखरच नवीन निघालं. पोरीचा कान बघा, असं सर सगळ्यांना म्हणाले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मी लाजाळू आहे, म्हणून घडलं का हे? मुळीच नाही. लाजाळू माणसाला खोटं छान जमतं. दोन शब्दांत बोलतो आणि लोकांना ते खरं वाटतं. तो ‘बंद’ शब्द अमरावतीहून अकोल्याला माझ्याआधी पोचला. सलीमभाईंकडे नवं व्हायोलिन सांगायला कोणी गेलं नाही. त्यांनी परत हार्मोनियमच्या पट्ट्या बसवायला घेतल्या.

आणि मला? कोणीही वाद्य घ्यायला निघालं की मला बोलावू लागले. मी जात होते. किंमत पाहायची, चिठ्ठी पाहायची, मग डोळे मिटायचे. माझ्यासोबत मोठमोठे जाणकारही डोळे मिटून माना डोलवायचे. त्यांना तरी काय ऐकू येत होतं? पण ते त्यांचं त्यांनी पाहावं. माझं मला माहीत आहे: मला ऐकू आलं होतं.

मागच्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नाला अकोल्याला गेले, तेव्हा सलीमभाईंच्या दुकानात गेले. ते व्हायोलिन भिंतीला टांगलेलं. “या बाई, कान बरा हाय ना?” एवढंच म्हणाले आणि स्टूल पुढं सरकवलं. मी वाजवून पाहिलं. तेलाचा वास उडाला होता. आवाज तोच, पहिल्या दिवसाचा. काही उघडलं नव्हतं. बंद कधी नव्हतंच. मी ‘छान आहे’ म्हणून परत टांगलं आणि बाहेर पडले. तेव्हाही खरं सांगितलं नाही.

आणि आता तेच व्हायोलिन सतरंजीवर. सरांनी चादर दोरीवर टाकली. तेल्हाऱ्याची मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी क्लासमध्ये कायम शाळेतली मराठी बोलते, अर्धी इंग्रजीतली. घरची बोली इथं कधी तोंडातून काढली नव्हती.

“सर, पडदा नका लावू,” मी म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. “त्या दिवशी मी कानानं नाही ओळखलं, वासानं ओळखलं. आवाज तर मले सलीमभाईच्याच व्हायोलिनचा आवडला होता. मी खोटं बोलली.”