पाणी वाढलं, एवढंच

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कुणास ठाऊक.

सांगलीत माझा इंग्रजीचा क्लास आहे. परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्स मुली येतात. त्यांच्या परीक्षेत एक आलेख असतो — कुठं पेशंट वाढले, कुठं लोकसंख्या — आणि त्याचं वर्णन लिहायचं असतं. वाढलं म्हणायला इंग्रजीत साधी क्रियापदं आहेत, 'राइज', 'इन्क्रीज'. पण साधं शिकवून क्लास चालतो का? मी शिकवायचो 'स्कायरॉकेट', म्हणजे थेट आभाळाला भिडलं. आकडा जरा हलला की आमचं रॉकेट सुटायचं! सगळ्या वर्गाकडून पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचो. त्या पाढ्यावरच माझं नाव झालं, खोटं कशाला बोलू. खोटं कशाला बोलू — आणि हे मी म्हणतोय, बघा.

मग पुण्यात शिक्षकांच्या एका शिबिरात कळलं, औपचारिक लेखनात असला भडकपणा चालत नाही. जितकं वाढलं तितकंच सांगावं, नाहीतर मार्क जातात. ऐकलं, परत आलो आणि तोच पाढा सुरू ठेवला. काय सांगणार होतो — इतकी वर्षं चुकीचं शिकवलं?

यास्मिन मिरजेची. वडील नाहीत, घर तिच्याच नोकरीवर. परीक्षा तोंडावर आलेली, आणि तिनं भर वर्गात विचारलं, "सर, पूर आला तरी आपण पाणी वाढलं एवढंच म्हणतोय की. मग इथं रॉकेट कशाला?"

तिचं बरोबर होतं. आणि मला ते ठाऊक होतं — ठाऊक होतं हो! तरी मी म्हणालो, "मग तू घाटावरच बस बाई, पाणी मोजत." वर्ग खदखदून हसला. तीही हसली, आणि परीक्षेत माझंच ऐकून लिहून आली. बाकी सगळ्यात पास, लेखनात थोडक्यात गेली. पुन्हा फी भरून परीक्षेला बसणं घराला झेपणारं नव्हतं. मला सांगायला आली तेव्हा मी काय म्हणालो असेन? "सराव कमी पडला तुझा."

त्यानंतर तो पाढा मी गुपचूप बंद केला. पुढच्या मुली पास होत गेल्या. तिला मात्र काही कळवलं नाही.

गेल्या महिन्यात पित्ताशयाच्या खड्यांसाठी मिरजेत अ‍ॅडमिट होतो. ड्यूटीवर यास्मिन. दंडाला पट्टा बांधून म्हणाली, "बीपी वाढलंय, सर." मग शेजारच्या पेशंटला, कौतुकानं — "हे आमचे सर. लय जीव तोडून शिकवलं त्यांनी. मीच कमी पडले."

तेव्हा तरी बोलायचं ना? मी विचारलं, "किती आलंय बीपी?"

जाताना म्हणाली, "धाकटी बहीण पण नर्स झाली, सर. तिला तुमच्याकडंच पाठवते."

मी म्हणालो, "पाठव."

बहीण पास होईल. तिला मी साधंच शिकवीन. आणि यास्मिन जन्मभर समजेल, बहीण हुशार, आपणच कमी पडलो.