पद्माबाई आणि भावसिंगचं कुलूप

वसमतच्या मोंढ्याकडून येणारा रस्ता जिथे गोदामांच्या ओळीत शिरतो, त्या कोपऱ्यावर माझी चहाची टपरी आहे. नातवंडं म्हणतात, आबा, आता बंद करा, घरी बसा. घरी बसून मी गोष्टी कोणाला सांगू? घरचे उठून जातात. इथलं गिऱ्हाईक निदान चहा संपेपर्यंत तरी हलत नाही. तर आज पद्माबाईची गोष्ट. ही सांगताना मला हसू येतं, पण त्याच्या आधी राग येतो. अजून येतो.

टपरीच्या बरोबर समोर एका शेठचं हळदीचं गोदाम आहे. शेठचं नाव लिहीत नाही, उगाच त्याला मोठेपण कशाला? मोंढ्यात विकत घेतलेली हळद इथं येते. मोठ्या ड्रममध्ये फिरवून तिला पॉलिश करतात आणि मग बाया जमिनीवर ओळीनं बसून ती निवडतात. लांब ती कांडी, गोल तो गट्टू, काळी पडलेली बाजूला. संध्याकाळी बाया बाहेर पडतात तेव्हा पापण्यांपासून टाचांपर्यंत पिवळ्या. नवीन माणसाला वाटावं, एका मांडवात इतक्या नवऱ्या कशा!

पद्माबाई त्यांच्यातली एक. उंचीला कमी, आवाजाला मोठी. माहेर डोंगरकड्याचं. पोरवयात केळीच्या बागेत खुरपायला जायची, तेव्हा बागवाला बौद्धवाड्यातल्या बायांना वरून ओंजळीत पाणी ओतायचा आणि बाकीच्यांना तांब्या द्यायचा. एके दिवशी या पोरीनं ओंजळच पुढं केली नाही. म्हणाली, "मला तहान न्हाई." तिच्या मागची म्हणाली, मलाही न्हाई. अख्खी ओळ उन्हात कोरड्या घशानं खुरपत राहिली. दुसऱ्या दिवशी बागवाल्यानं बांधावर माठ ठेवला, सगळ्यांना एकच. ही गोष्ट तिनं मला निदान दहादा सांगितली असेल, आणि दर वेळी शेवटी खो खो हसून, "दादा, तहान मात्र लई लागली होती!"

तिचा नवरा अमृतराव मोंढ्यात हमाल होता. पोत्यांची थप्पी कोसळली आणि तो खाली सापडून जागीच गेला. व्यापारी काय म्हणाला असेल? "तो तिथं काहून उभा राहिला?" अरे, हमाल पोत्यापाशी उभा राहणार नाही तर काय तुझ्या गादीवर बसणार? पण त्या दिवशी हमालांनी हूक खाली ठेवले. अमृतरावच्या टोळीतला रत्नपाल पुढं झाला आणि मोंढ्यात एक पोतं हललं नाही. पद्माबाईनं ते पाहिलं होतं.

आता कुलपाकडे येतो.

बाया सकाळी आत गेल्या की मुकादम भावसिंग शटर खाली ओढायचा आणि बाहेरून कुलूप घालायचा. किल्ली कमरेच्या करगोट्याला. काहून? तर बाया हळद कमरेला खोसून नेतात म्हणे! ज्यांच्या अंगाला घरी गेल्यावरही वास सुटत नाही, ज्यांचं लेकरू पदराला तोंड लावलं की शिंकतं, त्यांना हळदीची चोरी करायची हौस! दुपारी भाकरीच्या वेळेला शटर उघडायचं, परत बंद. आत ड्रमची धूळ, वर पत्रा. गुरांच्या गोठ्यालासुद्धा आपण बाहेरून कुलूप घालत नाही हो. आग लागली तर दावं तरी कापता येतं.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी शटर आतून वाजायला लागलं. मी दूध उतू जाऊ देऊन धावलो. आतून पद्माबाईचा आवाज, "दादा, शीतल पडली! डोळे फिरवून राहिली! किल्ली मागवा!" शीतल म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात लहान, पहिलटकरीण. भावसिंग मोंढ्यात लिलावाला गेलेला, किल्ली त्याच्या कमरेला. फोन लावला, तर लिलावाच्या गलबल्यात त्याला ऐकू जाईना. कुलूप तरी कसलं, शेठच्या तिजोरीला नसेल असलं! दगड घालून माझा हात दुखला, त्याला ओरखडा नाही. शेवटी पद्माबाई आतून म्हणाली, "फटीतून पाणी सोडा!" शटरच्या खाली बोटभर फट होती. मी चहाच्या पाण्याची अख्खी घागर तिथं ओतली. आतल्या बायांनी जमिनीवरच्या त्या पाण्यात पदर भिजवले आणि त्या पोरीच्या तोंडावर पिळले. माणसाला पाणी पाजायची ही तऱ्हा! आमच्या वसमतमध्ये, या काळात!

भावसिंग मोटारसायकलवर आला तो चिडूनच. "काय गोंधळ लावलाय? मेलं का कोणी?"

पद्माबाई बाहेर येऊन त्याच्यापुढं उभी राहिली. "मरायची वाट पाहून राहिलास का भाऊ? तसं सांगून ठेव. वेळेवर मरू."

शीतल वाचली, लेकरूही वाचलं. पण पद्माबाई स्वस्थ बसेना. संध्याकाळी बायांना म्हणाली, उद्या आमच्या विहारात या, बोलू. रुख्मिणीबाई, जी ओळीत तिच्या शेजारी बसायची, ती म्हणाली, "अवो, माझी सासू मला घरात घेईल का?"

"मग तुमच्या मारुतीच्या पारावर भरवू."

"बाया पारावर बसत न्हाईत."

"अगं, मग बसायचं कुठं, शेठच्या मांडीवर?"

अशा हसल्या सगळ्या, की मीही माझ्या वयाचा मान सोडून हसलो. टपरीमागं नगरपालिकेचे सिमेंटचे पाइप पडून होते, कधी पुरणार ते देवाला ठाऊक. त्या पाइपांवर वसमतच्या हळद निवडणाऱ्या बायांची संघटना बसली. रत्नपाल आला, त्यानं नोंदणी कशी करायची ते समजावलं. बायांच्या तकलिफा काय कमी होत्या? मोरी नाही, तोंडाला बांधायला फडकं नाही, बाळंतपणानंतर जागा राहत नाही. पद्माबाई म्हणाली, "सगळं मागू. पण आधी एकच मागायचं. शटर उघडं राहिलं पाहिजे. जिथून आपल्याला बाहेर पडता येत न्हाई, तिथं बाकीचं मागून काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी त्या तेवढंच मागायला गेल्या. शेठनं शांतपणे ऐकलं, हात जोडले, म्हणाला, तुम्ही तर घरच्याच. आणि तिसऱ्या दिवशी भावसिंगनं दारात हात आडवा केला. "पद्माबाई सोडून सगळ्या आत."

आणि सगळ्या आत गेल्या. शिव्या देऊ नका त्यांना. प्रत्येकीच्या मागं चूल होती. रुख्मिणीबाई मान खाली घालून गेली. तिची जाऊ पार्वतीबाई, नवरा गेलेली बाई, ती तर डोळ्यांना पदर लावून गेली. शटर खाली आलं, कुलूप लागलं.

मला वाटलं, आता ही घरी जाईल. नाही गेली. माझ्याकडून दोन घागरी मागून घेतल्या, भरल्या आणि शटरच्या फटीपाशी जाऊन बसली.

"आता हे कशाला गं बाई?"

"अजून कोणाला चक्कर आली तर, दादा? तुमी दूध पहाल का घागर पहाल?"

रोज आली. काम नाही, दाम नाही, आणि ज्या तिला सोडून आत गेल्या त्यांच्यासाठी बाहेर पाणी धरून बसली. मधूनमधून बोटाच्या पेरानं शटर वाजवायची. आतून कोणीतरी वाजवायचं. एवढंच त्यांचं बोलणं. एकदा दुपारी रुख्मिणीबाई माझ्याकडे चहाला आली आणि हळूच म्हणाली, "ओळीत तिची जागा तशीच हाय. भावसिंग म्हणतो सरका, पण कोणी सरकून बसत न्हाई."

आता शेठची अक्कल पाहा. चैत्र लागला आणि त्यानं जाहीर केलं, शेठाणी गोदामापुढं मांडव घालून कामावरच्या बायांचं हळदी-कुंकू करणार. पन्हं, भिजवलेले हरभरे, प्रत्येकीला साडी. आणि भावसिंग मांडवाच्या दारात उभा राहून ओरडला, "सवाष्णी बायांनीच आत या! बाकीच्यांनी बाहेर थांबा!"

त्या गोदामात निम्म्या बाया नवरा गेलेल्या. घरात कमावणारं कोणी नाही म्हणून तर त्या धुळीत बसतात. वर्षभर त्यांच्याच हातानं हळद निवडून घ्यायची, आणि हळदी-कुंकवाला त्यांनाच उन्हात उभं करायचं! शेठला वाटलं, सवाष्णी एकीकडे होतील, बाकीच्या एकीकडे, आणि पद्माबाईची संघटना मधोमध फाटेल. उन्हात रांग लागली. पार्वतीबाई, तिच्यामागं बाकीच्या, आणि शटरपाशी दोन घागरी घेऊन पद्माबाई. ती एकेकीला पाणी देत होती.

खरी चाल पुढंच होती. कुंकू लावून झाल्यावर शेठ स्वतः घरच्या देवघरातली भंडाऱ्याची वाटी घेऊन आला. भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. आमच्याकडे ती चिमटीत उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत, शेजारच्याच्या बांधाचं भांडणसुद्धा भंडाऱ्यावर मिटतं. शेठचं कुलदैवत खंडोबा. तो म्हणाला, "बायांनो, तुम्ही घरच्या. भंडारा उचला आणि म्हणा, संघटनेच्या नादाला लागणार नाही. मग साड्या घ्या."

मी टपरीत कपबशी हातात धरून उभा. रुख्मिणीबाई पुढं झाली. ही देवभोळी बाई, उपासाला पाणी पिताना विचार करणारी. हिनं उचलला की बाकीच्या उचलणार.

तिनं आधी शेठाणीला विचारलं, "बाईसाहेब, ही हळद कोणत्या ओळीतली?"

शेठाणीला काही समजेना. रुख्मिणीबाईच म्हणाली, "या भंडाऱ्याची कांडी माझ्या जावेनं निवडली. मी शेजारी होते. तिच्या हाताची चालती, तर ती काहून उन्हात हाय?"

आणि वाटीत हात घालून तिनं चांगली मूठभर उचलली. चिमूट नाही, मूठ! म्हणाली, "खंडोबाची आण घेते. शटर उघडं राहिल्याबिगर मी आत पाय ठेवणार न्हाई. आन् पद्माबाई पुढं असल्याबिगर न्हाई."

शेठचा चेहरा असा झाला की काय सांगू! वाटी मागं घ्यायला गेला, तोवर दुसरीनं हात घातला, तिसरीनं घातला. मांडवातल्या बाया भंडारा घेऊन बाहेर उन्हात आल्या, पार्वतीबाई आणि बाकीच्यांनीही त्यांच्या मुठीतून उचलला. वाटी रिकामी. शेठ देवभक्त माणूस, आपणच आणलेल्या देवाला नाही कसं म्हणणार? नुसता "अहो, अहो" करत राहिला.

रुख्मिणीबाई पद्माबाईपुढं जाऊन थांबली. हात पुढं केला, मग तिला आठवलं असेल, ती अवघडली. पद्माबाई म्हणाली, "मला नको बाई. मी बावीस प्रतिज्ञावाली, माझ्यावर भंडाऱ्याचा जोर चालत न्हाई." आणि तिचा तो पिवळा हात धरून, "पण तुमी घेतलीय ना शपथ? आता मोडली तर गाठ माझ्याशी हाय!"

साड्या मांडवात तशाच राहिल्या. बाया पाइपांवर येऊन बसल्या.

शेठनं हट्ट सोडला नाही. जीप भरून दुसऱ्या गावच्या बाया आणल्या. त्या उतरल्या तर पद्माबाई त्यांना शिव्या द्यायला नाही, पाणी द्यायला गेली. म्हणाली, "प्या आधी. आत गेल्यावर मिळायचं न्हाई. ते कुलूप पाहिलं का? ते तुमच्यासाठी हाय." त्यांच्यातल्या एका म्हातारीनं कुलूप हातात घेऊन वजन पाहिलं आणि जीपवाल्याला म्हणाली, "चल रे बाबा, माघारी." आणि मोंढ्यात रत्नपालनं सांगून टाकलं, बायांनी निवडल्याशिवाय या गोदामाचं पोतं आमची टोळी पाठीवर घेत नाही. हमालाच्या पाठीवर पोतं चढवायला दोघांचे हात लागतात हो, एकटा माणूस उचलून घेऊच शकत नाही. ते हातच कोणी देईना. गाडी भरायची राहिली, गिऱ्हाईक फोनवर ओरडायला लागलं.

शेवटी शेठ गोदामापुढं आला. "बरं. शटर उघडं राहील. या आत. ती एक सोडून."

कोणीच उठलं नाही. पार्वतीबाई, जिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, ती म्हणाली, "शेठजी, शपथेत तिचं नाव हाय. देवाला काय सांगू?"

शेठनं भावसिंगला खूण केली, तसा भावसिंग दारातून बाजूला झाला.

पद्माबाई उठली. घागरी माझ्याकडे परत आणून ठेवल्या, पालथ्या. साडी झटकली आणि पुढं निघाली, तिच्यामागं सगळ्या. आत जाऊन ती आपल्या जागेवर बसली, रुख्मिणीबाईच्या शेजारी. जागा होतीच.

लोक मला म्हणतात, रामकिशनराव, जिंकल्या की बाया, मग तुम्ही अजून का चिडता? चिडू नको तर काय करू? जिंकलं काय, तर दार! जे कोंबडीच्या खुराड्यालाही असतं ते. त्यासाठी एका पोरीला मरायला टेकावं लागलं, एका बाईला काम गमवावं लागलं, देवाला मध्ये ओढावं लागलं. मोरी अजून नाही. त्यासाठी पाइपांवर पुन्हा बसणं सुरू आहे, आणि पाइपही अजून तिथंच आहेत.

काल वारा सुटला होता, धूळ आत येत होती म्हणून भावसिंगनं शटर अर्धं खाली ओढलं. आतून आवाज आला, हात न थांबवता, नेहमीच्या सुरात.

"भावसिंगभाऊ, वर."

त्यानं वर केलं.